‘तिची परीक्षा होऊ दे,’ म्हणालो आणि लेक तुटली

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी माझी पत्नी कर्करोगाने गेली. निदान झालं तेव्हा लेक दुसऱ्या देशात शेवटच्या परीक्षेची तयारी करत होती. पत्नी म्हणाली, ‘तिची परीक्षा होऊ दे, मग सांगू.’ मी आणि मुलगा गप्प राहिलो. तब्येत अचानक ढासळली. लेक पोहोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आता ती माझ्याशी बोलत नाही, दादाशीही नाही. मुलगा म्हणतो, ती रागाच्या टप्प्यात आहे, निवळेल. तिला कसं समजावू?

उत्तर: समजावू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. त्यातल्या एका ओळीपाशी मी अडले. ‘माझे वडील गेले तेव्हा मलाही दोन दिवसांनी कळवलं होतं, परदेशात राहणाऱ्यांचं असं होतंच.’ ही ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तिकडे एकटा आहे, उगाच काळजी करेल, म्हणून दूरच्या माणसापासून आजारपण लपवायचं ही आपल्या कितीतरी घरांची रीत. तिचा चटका तुम्हाला बसला होता. तेव्हा फोन ठेवल्यावर तुम्हाला काय वाटलं होतं, ते आठवा. लेकीला आज तेच वाटतंय, आणि तिच्यापासून लपवणारा तिचा बाप होता.

मुलाचा हेतू चांगला आहे, पण ते ‘टप्पे’ बाजूला ठेवा. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडलेले नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार हे पाच टप्पे मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून सुचलेले होते. मागे राहिलेल्यांच्या दुःखाचं ते वेळापत्रक नव्हे. तुमच्या लेकीच्या रागाला कारण आहे, त्यामुळे तो आपोआप निवळेल या भरवशावर बसू नका.

माफी मागा, आणि त्या माफीत ‘पण’ येऊ देऊ नका. ‘तुझ्या आईचीच इच्छा होती’ हे खरं असलं तरी सुरुवात त्याने नको. त्या वाक्याने तुम्ही सुटाल. तिचा राग मात्र आईकडे वळेल, आणि गेलेल्या आईशी ती भांडणार कशी? ‘ते तुला सांगायचं धैर्य मला झालं नाही. तुझी आईशी शेवटची भेट माझ्यामुळे हुकली,’ एवढंच म्हणा. हे वाचतानाही तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे.

मग तिला ते महिने परत द्या. निदान कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, आईने ‘कॅमेरा बिघडलाय’ सांगून नुसत्या आवाजावर फोन केला तो रविवार कुठला, हे सगळं तारखांसकट लिहून काढा. रिपोर्ट आणि आईचे आवाजी निरोप तिच्याकडे सोपवा. ‘आईने माझी आठवण काढली का?’ असं ती कधीतरी विचारेल. जे घडलं तेच सांगा, गोड करून नको. एकदा खोटं सापडलेल्या घरात दुसरं खोटं लगेच ओळखू येतं.

मुलाने आपली माफी आपणच मागावी. त्याला तुमचा निरोप्या करू नका. मावशी-आत्यांनाही रदबदलीला पाठवू नका. ‘बाबांकडे बघ, किती खचलेत’ हे ऐकलं की तिचं दुःख पुन्हा दुय्यम ठरतं.

आणि तुमचं स्वतःचं? रात्र रात्र झोप नाही, कामावर जाववत नाही, असं तुम्ही लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. जवळचं माणूस गेल्यावर 6 महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोक टिकून रोजचं जगणं अडत असेल, तर त्याचा विचार होतो. तुम्हाला ते आहेच असं मी म्हणत नाही. ते डॉक्टर ठरवतील. त्यांना या आठवड्यातच भेटा. समुपदेशनासाठी मराठीत बोलणारं कोणी व्हिडिओवर मिळालं तर उत्तमच, कारण असलं दुःख परक्या भाषेत नीट बाहेर येत नाही.

लेकीला फोन नको, पत्र लिहा. फोन घेतला की लगेच बोलावं लागतं. पत्र तिला वाटेल तेव्हा उघडता येईल. शेवटी ‘उत्तराची वाट पाहतोय’ असं लिहू नका.