वाचकांचे प्रश्न : कलादालनातील हस्तकला कार्यशाळा

कुटुंबांसाठी आणि पेठेपेठेतील मंडळींसाठी कलादालनांत होणाऱ्या हस्तकला कार्यशाळांविषयी गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या खासगीपणाचा विचार करून वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा अकरा वर्षांचा आहे. सुट्टीत आम्ही एका कलादालनातील दोन तासांच्या कार्यशाळेला गेलो. तेथे कापून ठेवलेले रंगीत कागद आणि एक नमुना दिला होता, त्यामुळे सगळ्यांचे मोर एकसारखे झाले. मुलीचा मोर तर शेवटी मीच चिकटवून पूर्ण केला. भिंतींवर चित्रांचे प्रदर्शन होते, पण त्याकडे कोणी पाहिले नाही. अशा कार्यशाळेतून मुलांना काय मिळते, आणि ती कलादालनातच का घ्यावी? (एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कागदाचा मोर कोणत्याही सभागृहात किंवा घरच्या ओसरीवर करता येतो. कलादालनाजवळ अस्सल कलाकृती असतात, आणि इतर कोठेही न मिळणारी गोष्ट तीच आहे. म्हणून तेथील कार्यशाळेची सुरुवात एखाद्या चित्रासमोर उभे राहून व्हावी आणि हाताने काम करून झाल्यावर सर्वांनी पुन्हा त्याच चित्रासमोर यावे, असे आमचे ठाम मत आहे. ज्या कार्यशाळेत हे घडत नाही तिच्यात मुलांचा वेळ आनंदात जाईलही, पण कलादालनात येण्याचे कारण उरत नाही.

उदाहरण आपल्याच भागातील घेऊ. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे. चित्रपट अभिनेते म्हणून त्यांना सर्व जण ओळखतात, परंतु ते निष्ठावान चित्रकार होते आणि पावडर शेडिंग या पद्धतीवर त्यांची हुकमत होती. या पद्धतीत काळी भुकटी कापडाच्या बोळ्याने किंवा बोटाने कागदावर हलके घासून छाया-प्रकाश उभा केला जातो. असे एखादे चित्र मुलांसमोर ठेवून आधी फक्त प्रश्न विचारावेत : सर्वांत गडद जागा कोणती? प्रकाश कोणत्या बाजूने येतो? कडेला रेघ ओढलेली दिसते का? त्यानंतर वेगळ्या खोलीत टेबलावर कागद, भुकटी आणि जुन्या धोतराचे तुकडे द्यावेत. सहा वर्षांची मुलगी बोटाने घासून ढग करील, तर अकरा वर्षांचा मुलगा कागदाचा आकार कापून त्याची कड झाकत घासून पाहील. घासताना हात जड पडला की काळे कसे साचते आणि मग ते मागे घेता येत नाही, हे दोघांनाही समजेल. त्यानंतर मूळ चित्रासमोर नेले की तीच मुले न सांगता जवळ जाऊन पाहू लागतात, कारण कलावंताच्या हाताला काय जमले होते याचा अंदाज आता त्यांच्या हाताला आलेला असतो.

आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांबाबतही असेच करता येईल. रंकाळा आणि कोटीतीर्थ या तलावांच्या परिसराशी या चित्रकाराचे आयुष्य जोडलेले होते. त्यांचे एखादे चित्र पाहून, मुलांना संध्याकाळी रंकाळ्यावर नेऊन, पाण्याचा रंग तासाभरात किती वेळा पालटतो हे फक्त रंगांच्या पट्ट्यांतून टिपायला लावावे. त्यासाठी चित्र ‘चांगले’ काढता येण्याची गरज नाही.

मुलीचा मोर आपण पूर्ण केलात याबद्दल मनात खंत ठेवू नये. ज्या कार्यशाळेत मोठ्यांना स्वतःचे काम दिलेले नसते, तेथे त्यांचे रिकामे हात मुलांच्या कामाकडे वळणारच. कुटुंबांच्या कार्यशाळेत आई, वडील, आजी, आजोबा या प्रत्येकासमोर स्वतःचा कागद किंवा स्वतःचा मातीचा गोळा असायला हवा. आईलाही जमत नाही, तीही पुसून पुन्हा करते, हे मुलीने पाहिले की तिची भीती जेवढी कमी होते तेवढी शिक्षकांच्या शाबासकीने होत नाही. पुढच्या वेळी नाव नोंदवण्यापूर्वी संयोजकांना एवढेच विचारावे : नमुना समोर ठेवणार आहात का, प्रदर्शन दाखवणार आहात का, आणि मोठ्यांना साहित्य मिळणार आहे का?

प्रश्न : आमच्या तालमीतर्फे पेठेतील कुटुंबांसाठी शाडूच्या गणेशमूर्तींची कार्यशाळा घ्यायची आहे. एका कलादालनाने एक खोली एका रविवारी देण्याचे कबूल केले असून साठ-सत्तर माणसे येतील. माती किती लागेल, मूर्ती तडकू नये म्हणून काय करावे, आणि पेठेतील मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांना कसे सामावून घ्यावे? (तालमीचे एक कार्यकर्ते, शुक्रवार पेठ)

उत्तर : तालमीने असा विचार करावा याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तथापि एका रविवारी सत्तर माणसे आणि थेट गणेशमूर्ती या दोन्ही गोष्टींचा फेरविचार करावा, अशी आमची विनंती आहे. एका खोलीत सत्तर माणसे बसली तर शिकवणाऱ्या कुंभारदादांचे हात पहिल्या दोन रांगांनाच दिसतील आणि बाकीच्यांसाठी ते केवळ भाषण ठरेल. वीस ते पंचवीस जणांचे तीन गट करावेत आणि प्रत्येक गटाला वेगळी वेळ द्यावी.

दुसरे म्हणजे, सुरुवात बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, मातीच्या बैलांपासून करावी. आपल्याकडे आषाढात बेंदराला मातीचे बैल, श्रावणात नागपंचमीला मातीचा नाग, भाद्रपदात गणपती आणि दिवाळीत अंगणातला किल्ला अशी माती वर्षातून चार वेळा घरात येते. कार्यशाळांचे वेळापत्रक याच क्रमाने आखले तर प्रत्येक वेळी हात थोडा पुढे जातो. बैल भरीव आणि लहान असतो, त्याला बारीक अवयव कमी असतात. शिंगे सोडली तर सगळा बैल एकाच गोळ्यातून ओढून काढता येतो. पाय वेगळे करून जोडण्याऐवजी त्याच गोळ्यातून आखूड आणि जाड काढावेत, म्हणजे ते निखळत नाहीत. बैल करताना ज्याला मातीचा ओलावा कळला, त्याला गणपतीची सोंड अवघड जात नाही.

मातीविषयी. सहा इंचांच्या मूर्तीला साधारण दीड ते दोन किलो शाडू लागतो, म्हणून पंचवीस जणांच्या गटासाठी पन्नास किलो आणि थोडा जादा धरावा. शाडू मुख्यतः गुजरातेतून येतो. तो सुटा विकत घेण्यापेक्षा गंगावेस, शाहूपुरी किंवा बापट कॅम्प येथील कुंभारांमार्फत घ्यावा, कारण कोणती माती चिकट आहे आणि कोणती भुसभुशीत हे त्यांना हाताला लागताच समजते. माती आदल्या दिवशी भिजवून, मळून, ओल्या पोत्याखाली रात्रभर ठेवावी. तळहाताला चिकटत नाही आणि वळी केल्यावर तडे जात नाहीत, अशी झाली की ती कामाला तयार समजावी.

मूर्ती तडकते ती बहुधा दोन कारणांनी. जाड भाग आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने वाळतात व आकसतात, त्यामुळे मधल्या जागी ताण येतो. त्यासाठी कान, सोंड आणि बोटे यांवर पहिले दोन दिवस ओलसर फडके ठेवावे, म्हणजे ते पोटाच्या आधी वाळणार नाहीत. दुसरे कारण सांध्याचे असते. जोडायच्या दोन्ही बाजूंवर काडीने चरे पाडून, त्यांना मातीचा पातळ घोळ लावून, मग दाबावे. सुकत आलेल्या धडाला ओला हात जोडला तर तो गळून पडतो, म्हणून सर्व अवयव एकाच बैठकीत जोडून घ्यावेत. मूर्ती सावलीत वाळवावी, पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नये. कोल्हापुरात त्या दिवसांत हवा इतकी दमट असते की मूर्ती पूर्ण सुकायला आठ-दहा दिवस सहज लागतात. रंगकामाचा वेळ धरला, तर कार्यशाळा चतुर्थीच्या किमान तीन आठवडे आधी व्हायला हवी. रंगासाठी गेरू आणि हळद पुरेशी आहे, तैलरंग वापरू नयेत. विसर्जन घरच्या बादलीत करावे, खाली बसलेली माती वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा मळता येते. पंचगंगेच्या घाटावर मूर्तिदानाची चळवळ रुजवणाऱ्या शहरात हे कोणाला पटवून द्यावे लागणार नाही.

वेळ वाचवण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा पर्याय कोणी सुचवला तर तो मान्य करू नये. त्यात मुलांच्या हाताचे ठसे घेण्याचा खेळ तर मुळीच ठेवू नये. प्लास्टर घट्ट होताना उष्णता सोडते, आणि जाड थरात हात अडकला तर तो भाजतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तालमींच्या परंपरेतच आहे, कारण कोल्हापुरातील अनेक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. वर्षातील एक कार्यशाळा पूजेच्या वस्तूपासून मोकळी ठेवावी आणि तिच्यात सर्वांनी मिळून एकच मोठी गोष्ट करावी. पन्हाळ्याचा मातीचा किल्ला करता येईल : एका कुटुंबाने तीन दरवाजा करावा, दुसऱ्याने अंबरखाना, तिसऱ्याने सज्जा कोठी, आणि तटबंदी मुलांवर सोपवावी. किंवा स्वतःची पेठच मातीत उभी करावी. ‘आमचे घर कोठे येते’ यावरून शेजाऱ्यांत जे बोलणे सुरू होईल, ते कार्यक्रमपत्रिकेत लिहून घडवता येत नाही.

प्रश्न : माझा नातू ओल्या मातीला हातच लावत नाही, तो रडू लागतो. त्याला बळेच बसवावे का? (एक आजी, शिवाजी पेठ)

उत्तर : आजी, बळेच मुळीच बसवू नये. काही मुलांना ओला, चिकट स्पर्श खरोखर सहन होत नाही, तो त्यांचा हट्ट नसतो. त्याच्या हाती प्रथम लाकडी कोरणी किंवा जुना चमचा द्यावा आणि हात पुसायला कोरडे फडके त्याच्या जवळच ठेवावे. सुकत आलेल्या मातीवर काडीने नक्षी काढायला अशा मुलांना बहुधा आवडते. त्या दिवशी त्याने फक्त पाहिले, तरी चालेल.

प्रश्न : आम्ही एका छोट्या कलादालनाचे काम पाहतो. मातीकाम आणि रंगकाम चित्रांच्या दालनातच घेतले तर चालेल का? (एक विश्वस्त)

उत्तर : चालणार नाही. चित्रांसमोर फक्त पेन्सिल आणि कागद न्यावा. पाणी, शाई, ओले रंग आणि माती यांचे काम स्वतंत्र खोलीत किंवा व्हरांड्यात ठेवावे. जमिनीवर ताडपत्री अंथरावी आणि काम संपल्यावर कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, कारण मातीची सूक्ष्म धूळ चित्रांना आणि फुप्फुसांना सारखीच वाईट असते. हात धुतलेले पाणी बेसिनमध्ये न ओतता बादलीत निवळू द्यावे, अन्यथा नळी तुंबते.

प्रश्न : मी कोल्हापुरी चपला बनवणारा कारागीर आहे. एका कलासंस्थेने मला मुलांसमोर प्रात्यक्षिकासाठी बोलावले आहे. मानधनाचे विचारले तर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, असे सांगितले. शिवाय दोन तासांत चप्पल होत नाही आणि मुलांच्या हाती कातडे कापायची रापी आणि भोके पाडायची आरी देणे मला धोक्याचे वाटते. मी काय करावे? (एक कारागीर, सुभाषनगर)

उत्तर : आपली तिन्ही म्हणणी बरोबर आहेत. सत्काराचा मान राखून मानधन मागावे, आणि ते मागताना संकोच करू नये. चित्रकलेची पदवी घेतलेल्या प्रशिक्षकाला त्या दोन तासांचे मानधन मिळते, तर ज्या हातांना हे काम पिढ्यान्‌पिढ्या येते त्यांना ते का मिळू नये? मानधनात कार्यशाळेचे दोन तासच नव्हे, तर कातडे कापून पट्ट्या तयार करण्याचा आदला दिवस, साहित्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी हे सर्व धरावे.

दोन तासांत चप्पल करण्याचा आग्रह सोडून द्यावा. पातळ कातड्याच्या पट्ट्यांची वेणी घालणे हे आठ वर्षांच्या मुलालाही जमणारे आणि तरीही खरे काम आहे. मोठ्यांना आपल्या देखरेखीखाली पट्ट्यावर ठसे उठवू द्यावेत. रापी आपल्याच हाती राहू द्यावी. टेबलावर बाभळीची साल, हिरडा, कच्चे कातडे आणि कमावलेले कातडे शेजारी शेजारी ठेवावे आणि सर्वांना वास घेऊ द्यावा, स्पर्श करू द्यावा. झाडाच्या सालीने कातडे टिकाऊ होते, हे ऐकण्यापेक्षा हातात घेऊन लवकर उमगते. कान, पट्टा, अंगठा, वेणी हे भाग सुटे दाखवावेत, म्हणजे आपल्या पायातील चप्पल किती हातांतून जाते हे मुले मोजू शकतील. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांनाही आहे, हेही जरूर सांगावे.

एक गोष्ट आम्ही संयोजकांना उद्देशून लिहितो. काही कुटुंबे कातड्याला हात लावताना आजही कचरतात. हे झाकून ठेवू नये आणि त्यासाठी कातड्याऐवजी रेक्झिनही आणू नये. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन शाहू महाराजांनी ज्या शहरात चहा घेतला, त्या शहरातील कलादालनात कारागिराशेजारी बसून त्याचे काम शिकण्याची संधी प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे. चित्रपटासाठी कॅमेरा तयार करणारे बाबूराव पेंटर मेस्त्री घराण्यातले होते आणि चित्रकला ते कोणत्याही कलाशाळेत शिकले नव्हते. या गावाने कारागिरी आणि कला यांत भिंत कधी फारशी मानली नाही.

आपण जाणार असाल तर संस्थेकडून तीन गोष्टी पत्रावर लिहून घ्याव्यात : मानधनाची रक्कम व ती देण्याची तारीख, एका बैठकीत वीसपेक्षा अधिक मुले नसणे, आणि कार्यशाळेच्या काळात आपण केलेली एक जोडी आपल्या नावाच्या पाटीसह चित्रांच्या दालनातच, काचेच्या पेटीत मांडली जाणे.