गाडी उभी असताना

कळंबोली

चि. मुला,

अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात लोखंड बाजारातील टपरीवर तू मला हळू आवाजात सांगितलेस की डॉक्टरांनी तुला मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू केले आहे आणि शेठच्या कानावर गेले तर गाडी हातची जाईल, याची तुला धास्ती वाटते. भोवती माणसे होती, म्हणून तेव्हा मी फारसे बोललो नाही. मी अकरा वर्षे इन्सुलिन घेत बंगळूरच्या आणि दिल्लीच्या मार्गावर गाडी चालवली आहे. त्यातून जे कळले ते आता सविस्तर लिहितो.

घाट, रात्रीचा प्रवास, सलग चालणारे लांबचे अंतर यांना तू भितोस. माझा अनुभव वेगळा आहे. गाडी चालू असते तेव्हा आपण सावध असतो, दोन तासांनी थांबतो, जेवणाची वेळ आपणच ठरवतो. घात होतो तो गाडी उभी असताना. न्हावा शेव्याच्या बंदराबाहेरची कंटेनरची रांग, भिवंडीच्या गोदामासमोरचे ताटकळणे, गर्दीच्या वेळी शहरात अवजड वाहनांना बंदी म्हणून दहिसर किंवा मुलुंडच्या वेशीवर काढलेले तास, या ठिकाणी वेळ आपल्या हातात नसते. आणि इन्सुलिन तर सर्वस्वी वेळेवर चालणारे औषध आहे; ते घेऊन वेळेत जेवण झाले नाही तर रक्तातील साखर घातक इतकी खाली जाते.

एकदा बंदराबाहेर रांग तासभर हलली नव्हती. त्या काळी मला ३०/७० चे, म्हणजे तीस टक्के लवकर आणि सत्तर टक्के सावकाश काम करणारे, मिश्र इन्सुलिन होते, जे जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. मी ते घेतले, क्लीनरने डबा उघडला आणि तेवढ्यात पुढची गाडी सरकली. मागून हॉर्न सुरू झाले, म्हणून डबा तसाच झाकून मी गाडी पुढे घेतली, पुन्हा थांबलो, पुन्हा घेतली, असे पाऊण तास चालले. मला घाम फुटला होता, पण एप्रिलचा महिना असल्याने तो उकाड्याचाच वाटला. पुढच्या कंटेनरवरचे आकडे पुसट दिसू लागले तेव्हाही डोळे थकले असतील असेच मनात आले. क्लीनरने माझा थरथरणारा हात पाहिला, चावी काढून घेतली आणि पाण्यात ग्लुकोज कालवून मला पाजले. त्याला मी सगळे आधी सांगून ठेवले होते, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे.

तेव्हापासून जेवणाचे ताट समोर आल्याशिवाय आणि पुढचा अर्धा-पाऊण तास गाडी हलवावी लागणार नाही याची खात्री झाल्याशिवाय मी सुई टोचली नाही. तुझे इन्सुलिन कोणत्या प्रकारचे आहे, जेवण लांबले तर मात्रेचे काय करायचे, हे डॉक्टरांना रांगेचे खरे वर्णन करून विचार. ‘वेळेवर जेवतोस ना?’ या प्रश्नाला आपण सवयीने ‘हो’ म्हणतो आणि मग डॉक्टर घरी राहणाऱ्या माणसाचे वेळापत्रक लिहून देतात.

चावी फिरवण्यापूर्वी बोटाला सुई टोचून शुगर पाहायची आणि लांबच्या मार्गावर दर दोन तासांनी पुन्हा पाहायची. सत्तरच्या खाली शुगर गेली तर ती कमी झाली असे मानतात. पण गाडी चालवणाऱ्याने नव्वदच्या खालीच काहीतरी खाऊन घ्यावे, असे मी मानतो. सत्तरच्या खाली गेल्यास सुमारे पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून घ्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. आकडा सुधारला तरी लगेच निघू नकोस. रक्तातील साखर आधी वर येते, डोके पूर्ण ताळ्यावर यायला आणखी पाऊण तास तरी लागतो. शेठचा फोन वाजत असला तरी तेवढा वेळ गाडी उभीच राहू दे.

आता उन्हाचे. इन्सुलिनची न उघडलेली बाटली दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते. वापरात असलेली साधारण चार आठवडे बाहेर टिकते, पण सावलीत आणि गारव्यात. मे महिन्यात बंद केबिनमध्ये ती वाया जाते आणि बाहेरून पाहून ते नेहमी कळतही नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र रांगेत इंजिन बंद केले की तिथेही उकाडा तोच. मी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाणी भरतो आणि बाटली कोरड्या डबीत घालून त्यात ठेवतो. बर्फाला ती थेट टेकू देऊ नकोस, कारण गोठलेले इन्सुलिनही निकामी होते.

पायांकडे रोज रात्री बॅटरी लावून पाहा. जुन्या गाडीत इंजिनाचे झाकण डाव्या पायाजवळ तापलेले असते, आणि या आजारात पुढे पायाची संवेदना कमी झाली तर भाजलेले कळत नाही. चप्पल घालून गाडी चालवणे आजपासून बंद.

शेठविषयी: व्यावसायिक परवान्याच्या नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, तिथे काही लपवू नकोस. गाडी चालवण्याजोगी प्रकृती आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि त्यांनी काही दिवस थांबायला सांगितले तर थांब. शेठला आकड्यांची वही दाखवून सांग. नाराज होईल, कदाचित जवळची भाडी देईल, ती घे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास काम आणि मध्ये विश्रांती असे ठरवून दिले होते (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), तेव्हा जेवायला थांबणे ही तू मागत असलेली मेहेरबानी नव्हे. क्लीनरला मात्र आजच सांग: ग्लुकोज कुठे ठेवले आहे, शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचे नाही, १०८ ला किंवा महामार्गावर १०३३ ला फोन करून जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगायचा.

एक गोष्ट मला तेव्हापासून बेचैन करते आहे. इन्सुलिनची बाटली गावाकडून आणली आणि सिरिंज इथल्या दुकानातून घेतली, असे तू ओघात म्हणालास. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतेचे मिळते, एका मिलिलिटरला चाळीस युनिटचे आणि शंभर युनिटचे. चाळीसच्या सिरिंजची टोपी लाल असते, शंभरच्या सिरिंजची नारिंगी. शंभरचे औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरले तर अंगात पन्नास युनिट जातात, म्हणजे अडीचपट. उलट झाले तर औषध कमी पडते आणि शुगर का उतरत नाही हे कोणालाच उमगत नाही. पुढचे लोडिंग घेण्यापूर्वी इकडे ये. बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन ये. लेबल आणि टोपी शेजारी ठेवून मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे. तोपर्यंतची प्रत्येक सुई औषधाच्या दुकानात दाखवून, खात्री करूनच घे.

तुझा,
उस्ताद