सही खोटी असल्याचा हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल जोडला की खरेदीखत रद्द होतं का?

नाही, नुसता अहवाल जोडून सही खोटी ठरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 39 प्रमाणे (जुनं कलम 45) ते फक्त मत आहे. खासगी तज्ज्ञाला कोर्टात साक्ष आणि उलटतपासणी द्यावी लागते. बहुतेक अहवाल तुलनेच्या नमुन्यांवरच ढासळतात: झेरॉक्सवर पेनाचा दाब कळत नाही, आणि वाद सुरू झाल्यावर केलेल्या सह्या काय कामाच्या? त्याच सुमाराच्या, समोरच्याला नाकारता न येणाऱ्या मूळ सह्या, उदाहरणार्थ बँकेतलं नमुना सहीचं कार्ड, कोर्टामार्फत मागवा. दस्त नोंदणीकृत असेल तर आधी अंगठ्याचा ठसा तपासून घ्या; तो सहीपेक्षा भक्कम. मात्र तज्ज्ञाच्या मताला दुसऱ्या पुराव्याची जोड हवीच, असा सक्त नियम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुरारीलाल खटल्यात (1980) स्पष्ट केलंय. फक्त सावधपणे पारखा म्हटलंय.