घर बघायच्या आधी गिरणी बघा

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही सध्या पुण्यात वाकडला राहतो. नवऱ्याचं काम आता कायमचं घरूनच झालंय आणि सासरचं गाव अहमदपूर तालुक्यात आहे, म्हणून लातूरला राहायला यायचं ठरवलंय. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. मला गाडी चालवता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. आम्ही दोन घरं पाहिली. एक रिंग रोडच्या बाहेर नव्या प्लॉटिंगमधलं रो-हाउस, समोर मोकळं रान. दुसरा गावातल्या जुन्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. सगळे नातेवाईक म्हणतात रो-हाउस घ्या, मोकळ्या हवेत चालणं होईल. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, 'मोकळ्या हवेत चालणं होईल' हे वाक्य मी नगररचना कार्यालयात आरेखक म्हणून कामाला लागलो तेव्हापासून ऐकतो आहे. सुरुवातीला लोक खरंच सकाळी फिरायला जातात. मग रोजची कामं मागे लागतात. कोथिंबीर संपली, बीपीची गोळी संपली, लेकराला उद्या शाळेत चार्ट पेपर न्यायचाय. प्रत्येक वेळी गाडी काढावी लागते, आणि ज्याला गाडी येत नाही तो घरात दुसऱ्याची वाट बघत बसतो. गाडी शिकायची इच्छा नाही असं तुम्ही लिहिलंय. ही अट अजिबात सोडू नका. घर त्या अटीवरच निवडा.

माझी पारख एकच आहे : घर बघायच्या आधी त्या भागातली पिठाची गिरणी बघा.

आपल्याकडे ज्वारीचं दळण महिन्याचं एकदम आणून ठेवता येत नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. म्हणून भाकरी खाणारं घर आठ-दहा दिवसांनी डबा घेऊन गिरणीवर जातंच. आसपास पुरेशी राहती घरं असली तरच गिरणी चालते. नुसती बांधलेली, कुलूप लावून ठेवलेली घरं तिला जगवू शकत नाहीत. जिथे चालती गिरणी आहे तिथे किराणा, दूध, मेडिकल, चप्पल शिवणारा हे सगळं आपोआप सापडतं. शिवाय माहिती मिळवायला गिरणीसारखी जागा नाही. दळण होईपर्यंत बायका तिथेच थांबलेल्या असतात. नळाला कितव्या दिवशी पाणी येतं, लाइट किती जाते, कुठल्या गल्लीत रात्री कुत्री अंगावर येतात, हे त्या दहा मिनिटांत सांगतील. तुमच्या घराच्या दलालाला यातलं एकही ठाऊक नसेल, आणि असलं तरी तो सांगणार नाही.

गिरणी सापडली की तिथून घरापर्यंत सासूबाईंना बरोबर घेऊन, त्यांच्या चालीने चाला. तुमच्या चालीने चारशे मीटर पाच-सहा मिनिटांत होतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याच अंतराला दुप्पट वेळ लागतो. वाटेत त्यांना टेकायला किती ठिकाणं मिळतात ते मोजा : देवळाचा ओटा, दुकानाची पायरी, पार. जुन्या वसाहतीत ती पावलोपावली असतात. नव्या प्लॉटिंगमध्ये सरळ कंपाउंड वॉल असते आणि तिच्या कडेने बसायला काहीही नसतं.

वेळ बघा. तुम्ही घरं कधी पाहिलीत ते लिहिलेलं नाही, पण पुण्याची माणसं दिवाळीच्या सुट्टीत येऊन घरं बघतात आणि त्या हवेत सगळंच चालण्याजोगं वाटतं. लातूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला तोच रस्ता बघा. रस्ता दक्षिण-उत्तर असेल तर पश्चिमेकडच्या घरांची सावली त्या वेळी रस्त्यावर पडलेली असते आणि त्या कडेने चालता येतं. पूर्व-पश्चिम रस्त्यावर मावळतीचं ऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांत येतं, मग फक्त झाडं वाचवतात. जुन्या वसाहतींत कडुनिंब मोठे झालेले आहेत. नव्या ले-आउटमध्ये लोखंडी जाळीत गुडघाभर रोपं असतात. ती वाढतील, पण सासूबाईंना चालायचंय ते या वर्षी.

पावसाळ्याचं तर कुणी सांगतच नाही. रिंग रोडच्या बाहेरची बहुतेक प्लॉटिंग काळ्या रानात पडली आहेत. रस्त्यावर खडी टाकलेली असते, डांबर 'लवकरच' होणार असतं. मृगाचा पहिला पाऊस झाला की खडीच्या फटींतून चिकण माती वर येते. पाचव्या पावलाला चपलेच्या तळाला मातीचा थर बसतो, दहाव्या पावलाला चप्पल मागे राहते आणि पाय पुढे जातो. गुडघ्याच्या रुग्णासाठी ही घसरण फार वाईट. मी अशा वसाहतींचे नकाशे हाताने काढले आहेत. कागदावर तिथे नऊ मीटरचा रस्ता आणि कोपऱ्यात हिरवी ओपन स्पेस दिसते. एक एकराहून मोठ्या ले-आउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, म्हणून ती कागदावर असतेच. जागेवर जाऊन बघा की तिथे झाड आणि बाक आहे, का उरलेली वाळू आणि बाभळी. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेला असेल तर आधी नियमितीकरणाचा कागद मागा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेला नसेल तर गटार, दिवे आणि बँकेचं कर्ज या तिन्हीसाठी हेलपाटे मारावे लागतील.

आणि रिंग रोड ओलांडणं. मुलाची शाळा, भाजी, दवाखाना सगळं रस्त्याच्या आतल्या बाजूला आणि तुम्ही बाहेरच्या बाजूला. दुभाजकातला कट घरापासून लांब असला की माणसं दुभाजकावर चढून जातात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस या रस्त्यांवर असतात. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. नऊ वर्षांच्या लेकराला हा रस्ता एकट्याने ओलांडू देणार आहात का? तुम्ही देणार नाही, कुठलीच आई देणार नाही. म्हणजे मूल दहावीपर्यंत रिक्षावर अवलंबून. जवळच्या शाळेत मित्रांबरोबर चालत जाणारं पोर गाव ओळखायला शिकतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

लातूर मुळात चालण्यासाठी आखलेलं शहर आहे, हे आपल्याच लोकांच्या लक्षात राहत नाही. गंजगोलाई १९१७ साली, निजामाच्या राजवटीत बांधली. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. सोनं एकीकडे, चपला-बूट दुसरीकडे, मिरची आणि गूळ आपापल्या ठिकाणी. पायी आलेल्या माणसाला काय कुठे मिळेल ते विचारावं लागू नये, असा तो आराखडा आहे. अगदी गोलाईला लागून राहा असं मी म्हणत नाही, तिथे मालाच्या चढ-उताराने दिवसभर रस्ता तुंबलेला असतो. पण तिथून रिक्षाने थोड्या पैशांत जाता येईल, अशा सिग्नल कॅम्प, प्रकाशनगर यांसारख्या जुन्या वसाहतींच्या आतल्या गल्ल्या बघा. ट्यूशन एरियाला, म्हणजे खासगी क्लासेसच्या भागाला लागून घर मिळत असेल तर एक गोष्ट चांगली : मेस, झेरॉक्स, चहावाले यांच्यामुळे रात्री उशिरापर्यंत उजेड आणि माणसं असतात, बाईमाणसाला एकटीने चालायला भीती वाटत नाही. पण क्लास सुटतात तेव्हा दुचाक्यांचा लोंढा येतो. सासूबाईंनी ती वेळ टाळावी.

आता तुमच्या दोन घरांचं. रो-हाउस नको. पण तो फ्लॅटही नको. भाग बरोबर आहे, घर चुकीचं आहे. लिफ्ट नसलेला दुसरा मजला म्हणजे सासूबाई आठवड्यातून एकदा खाली उतरतील आणि मग तेही बंद होईल. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं जिन्यावरच अडेल. त्याच वसाहतीत तळमजल्यावरचं घर अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने घ्या. जुन्या वसाहतींत मुलं पुण्या-हैदराबादला गेलेली म्हातारी जोडपी वरच्या मजल्यावर राहतात आणि खालचा भाग चांगल्या कुटुंबाला द्यायला तयार असतात. तिथे पाटी लागत नाही, गिरणीवर आणि किराणा दुकानात विचारावं लागतं. करार असा करा की त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा येईल. विकत घेण्याचा विचार त्यानंतर.

जुनं घर विकत घ्याल तेव्हा दोन गोष्टी तपासा. इमारत १९९३ च्या आधीची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. त्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते तुमच्या सासूबाई तुम्हाला सांगतील. दुसरं पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हेच शहर. मांजरा धरण भरलं की सगळे विसरतात. नळ किती दिवसांआड येतो, खाली हौद केवढा आहे, बोअरला मे महिन्यात पाणी राहतं का, हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करून त्या जागेचा झोन दाखला आणि भाग नकाशाही घ्या. घरासमोरून मोठा डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता दाखवलेला असेल तर आजची शांत गल्ली उद्या शांत राहणार नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, निवृत्त. पत्नीचं माहेर नांदेड. रोज गोदावरीच्या काठी फिरता यावं म्हणून नदीजवळ घर घ्यावं असं वाटतं. मेहुणे म्हणतात सिडकोत घ्या. आपलं मत?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नदीवर फिरायला जा, राहायला मात्र उंचावर राहा. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की काठच्या सखल वस्त्यांत पाणी येतं, हे नांदेडकरांना नवीन नाही. सिडको-हडको नदीच्या दक्षिणेला आहे. आखीव गल्ल्या, स्वतःचा बाजार, तिथे रोजचं चालणं चांगलं होईल. पण रेल्वे स्टेशन, वजिराबादचा बाजार, डॉक्टर लेन, गुरुद्वारा हे सगळं उत्तरेला, म्हणजे मोठ्या कामासाठी दर वेळी पूल. तुमच्या वयात दवाखान्याची वाट सोपी असावी असं मला वाटतं, म्हणून मी उत्तरेकडेच घर शोधेन. तिथे रेल्वेलाइनकडे लक्ष द्या. लाइनच्या एका बाजूला वजिराबाद, दुसऱ्या बाजूला शिवाजीनगर. उड्डाणपूल गाड्यांसाठी सोयीचा असतो, पायी माणसाला तो चढ नको वाटतो. म्हणून तुमचा दवाखाना आणि तुमचं घर लाइनच्या एकाच बाजूला ठेवा. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने इथले मुख्य रस्ते रुंद झाले, काही ठिकाणी चांगले फूटपाथही मिळाले. आज त्यांवर गाड्या लागतात की माणसं चालतात, ते संध्याकाळी सातला जाऊन बघा. तीच गर्दीची वेळ.

प्रश्न : मुलीला छत्रपती संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत नोकरी लागली आहे. शिफ्ट बदलती आहे. ती एकटी राहणार, स्कूटर घ्यायची नाही म्हणते. खोली कुठे बघावी?
– एक पालक, परळी वैजनाथ

उत्तर : कंपनीची बस कुठून जाते ते आधी विचारा, खोली त्यानंतर. सिडकोचे एन-सेक्टर चालायला फार चांगले आहेत. आत दुकानं, मोकळी मैदानं, जुनी झाडं आहेत आणि गल्ल्यांत गाड्या जोरात जात नाहीत. पण ते शहराच्या पूर्वेला आणि वाळूज पश्चिमेला. बस मिळत असेल तरच तिथे राहावं. नाहीतर कारखान्यांना लागूनच असलेलं बजाजनगर बघा. राहणारे बहुतेक कामगार कुटुंबांतले, त्यामुळे मेस, किराणा, मेडिकल जवळच मिळतं. बीड बायपासला भाडं स्वस्त आहे म्हणून तिकडे जाऊ नका. तो रस्ता पायी ओलांडायचा नाही. आणि तुम्ही स्वतः एकदा जाऊन या. दुसरी शिफ्ट सुटल्यावर बस जिथे सोडते तिथून तिच्या खोलीपर्यंत रात्री बारा वाजता चालत जा. वाटेत किती दिवे लागलेले आहेत, एखादं दुकान किंवा वॉचमन आहे का, बंद पडलेला प्लॉट किंवा नाला लागतो का, हे डोळ्यांनी बघा आणि मगच डिपॉझिट द्या.