गिअर अडकला म्हणून गिअरबॉक्स उतरवायची घाई नको

प्रश्न: काका नमस्कार. आमच्याकडे आजोबांची 1971 ची फियाट 1100 डिलाइट आहे, स्टिअरिंगवरचा गिअर. बाबा रिटायर झाल्यावर परत बाहेर काढलीय. पहिला-दुसरा पडतो पण तिसरा कधी मिळतो कधी नाही, आणि मधेच दांडा दगडासारखा अडकतो. परवा पोवई नाक्यावर अडकला, मागे एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, शेवटी दोघांनी ढकलून कडेला घेतली. गॅरेजवाला म्हणतोय गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल, नाहीतर सरळ फ्लोअर शिफ्ट, म्हणजे गिअरचा दांडा खाली फरशीवर, करून टाका. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: अजिबात उतरवू देऊ नका, निदान अजून तरी नाही. आधी फुकटातली टेस्ट करा. सपाट जागेवर इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. एखादा नाही पडला तर गाडी थोडी पुढेमागे हलवून परत टाका, कारण कधीकधी आत दातावर दात आलेला असतो तेवढंच. बंद गाडीत सगळे पडतात आणि चालू गाडीत कर्रर्र करतात असं असेल तर दुखणं क्लचचं, प्लेट पूर्ण सुटत नाहीये. बंद गाडीतही अडकतोय तर मग क्लचचा नाद सोडा आणि लिंकेज, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी, बघा.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला लिंकेजच वाटतंय. स्टिअरिंगवरच्या गिअरचं कसं असतं, एकच दांडा दोन कामं करतो, एका हालचालीने कुठली लाइन (गिअरची जोडी) घ्यायची ते ठरतं आणि दुसरीने गिअर पडतो, आणि ही दोन्ही कामं दांडा, रॉड, आर्म, बुश (जोडातली छोटी नळी, जिच्यात पिन फिरते) असा मोठा प्रवास करून गिअरबॉक्सपर्यंत जातात. पन्नास वर्षांत प्रत्येक बुश थोडा थोडा झिजला की वर तुम्ही पूर्ण लाइन बदललेली असते आणि खाली ती अर्धीच बदललेली असते. आता आत इंटरलॉक नावाचा पहारेकरी असतो, त्याचं कामच हे की दोन गिअर एकावेळी पडू द्यायचे नाहीत, म्हणून तो सगळंच अडवून धरतो. तोच तुमचा दगड.

भावाला आत बसवा, इंजिन बंदच, आणि तुम्ही बॉनेट उघडून स्टिअरिंग कॉलमच्या बुडाशी बघत उभे रहा. त्याला म्हणा दांडा हळू हलव. वर दांडा दोन इंच फिरला तरी खालचा आर्म ढिम्म, मग रॉड एकदम थरथरून उशिरा सरकतो, असं दिसलं की चोर सापडला. जोडाला बोट लावून ठेवा, प्ले, म्हणजे ढिलेपणा, डोळ्याआधी बोटाला कळतो. रबराचे बुश असतील तर त्यांचं एव्हाना काळं भजं झालेलं असणार.

खात्री करायला रॉड गिअरबॉक्सच्या आर्मपासून सोडवा आणि आर्म हातानेच हलवा. (गाडीखाली शिरायचं तर स्टँड लावून, नुसत्या जॅकवर कधीच नाही, यात मी कुणाचं ऐकत नाही.) प्रत्येक गिअरला हाताला स्पष्ट खटका लागला तर बॉक्स ठणठणीत आहे, खर्च फक्त बुशांचा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसकडे चौकशी करा, नाहीच मिळाले तर चांगला लेथवाला नायलॉनचे करून देतो, जुना नमुना आणि पिन दोन्ही घेऊन जा, नुसत्या मापावर जाऊ नका. पिनही झिजून अंडाकृती झालेली असते, ती तशीच ठेवली तर नवा बुश महिन्यात जातो. बसवताना दांडा न्यूट्रलला, आर्मही न्यूट्रलला, आणि रॉड जोर न लावता आपोआप भोकात बसला पाहिजे. बसत नसेल तर रॉडची लांबी एकेक आटा फिरवून जुळवा.

हे इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः माती खाल्लीय. माझ्या पद्मिनीचा (तुमचीच फियाट, पुढच्या नावाची) बॉक्स उतरवला, दोन रविवार घालवले, आत सगळं छान, परत चढवला आणि रोग जसाच्या तसा. मग एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याने बॉनेटमधे हात घालून एक बुश दोन बोटांनी गरागरा फिरवून दाखवला, वर हसला पण. काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मधे मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्यांच्याबरोबर असे डॉक्टरही पांगले.

रस्त्यात परत अडकला तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, कॉलमच्या बुडाशी जो आर्म तिरका राहिलाय तो हाताने न्यूट्रलला आणा. वरून दांड्यावर जोर करू नका, वाकतो.

आणि फ्लोअर शिफ्ट? माझं मत विचाराल तर नको. गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, 2021 च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. रोजच्या वापराला मात्र मग ती नेता येत नाही, ते घरात बोलून ठरवा.

प्रश्न: माझी ॲम्बेसेडर मार्क टू, सिग्नलला गाडी पूर्ण थांबायच्या आत पहिला टाकला की जोरात घासल्याचा आवाज. मेकॅनिकने महागातलं जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल भरलं, आता दुसरा-तिसरा पण कधीकधी घासतो.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: पहिल्याचा आवाज बिघाड नाहीये हो, त्या बॉक्समधे पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी आतला वेग जुळवून देणारी रिंग, दिलेलाच नाही. गाडी थांबू द्या मग टाका. चालत्या गाडीत हवाच असेल, घाटात वगैरे, तर डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, थोडी रेस, परत क्लच, मग पहिला. आठवड्यात पाय शिकतो.

ऑइल मात्र बदला. जीएल-5 डिफरन्शियलसाठी, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागासाठी, ठीक, पण जुन्या बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा घर्षणावर चालतात आणि हे ऑइल जास्तच निसरडं, शिवाय त्यातली काही रसायनं पितळ खातात. जीएल-4 लिहिलेलं आणा. काढलेलं ऑइल पांढऱ्या कपड्यावर ओतून उन्हात बघा, सोनेरी चमक दिसली तर रिंगा झिजतायत, मग मला परत लिहा.