वाचकांचे प्रश्न : बिझनेस कॉलेजकडून काय मिळू शकतं?

प्रश्न : माझा पॅकिंगच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. विद्यापीठाचं बिझनेस कॉलेज विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून देतं असं कळलं. त्याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण प्रश्न नेमका द्यायला हवा. ‘विक्री वाढवून द्या’ म्हणालात, तर पाच मुलं दहा आठवडे इंटरनेट चाळतील आणि ‘सोशल मीडियावर जाहिरात करा’ असा जाडजूड अहवाल हाती देतील. मुलांचा त्यात दोष नाही, प्रश्नच मोघम होता. त्यापेक्षा ‘गेल्या वर्षी एकदा माल नेलेले ग्राहक परत का आले नाहीत?’ एवढंच विचारा. अशा ग्राहकांची यादी तुमच्या बिलांतून निघते. मुलांनी त्यांतल्या पंधरा-वीस जणांशी बोलायचं आणि कारणं वेगळी मांडायची : दर, उशीर, दबलेले कोपरे, उधारीची मुदत. मालकाला तोंडावर न सांगितलेली तक्रार ग्राहक तिऱ्हाईताला मोकळेपणानं सांगतो. हा फायदा फार मोठा आहे.

प्रकल्प फसतात ते बहुधा माहिती उशिरा मिळाल्यामुळे. सत्र ठरलेल्या तारखेलाच संपतं. बिलं तीन आठवडे उशिरा दिलीत, तर तेवढे दिवस विश्लेषणातून कापले जातात. म्हणून सुरुवातीलाच प्रश्न, द्यायची कागदपत्रं, गुप्तता आणि शेवटी हाती काय यायला हवं, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा. तुमच्याकडचा एक माणूस नेमून द्या, आठवड्याला अर्धा तास पुरतो. चौथ्या आठवड्यात मधला आढावा मागाच. गाडी भलतीकडे चालली असेल तर तेव्हा वळवता येते.

प्रश्न : एमबीएच्या वर्गात ‘केस’ शिकवतात. ती वाचायची कशी? मुलगी रात्र-रात्र वाचते, पण वर्गात बोलायला काही सुचत नाही.

उत्तर : ती बहुतेक केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या पेचाची कागदावर मांडलेली हकिकत, गोष्टीसारखी वाचत असावी. हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ मध्ये निघालं. कायद्याच्या वर्गात खटले चर्चेला घेत, तीच पद्धत तिथे व्यवसाय शिकवायला आणली. म्हणजे केस ही निकाल द्यायची फाइल आहे. आधी पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचावा : निर्णय कोणी, कशाचा, केव्हापर्यंत घ्यायचा आहे? मग थेट शेवटचे तक्ते. मधला मजकूर त्यानंतर.

आणि हिशेब कागदावर करावाच. समजा नव्या उत्पादनाचा स्थिर खर्च, म्हणजे नग कितीही खपले तरी होणारा खर्च, ६ लाख रुपये आहे आणि एका नगामागे ४० रुपये सुटतात. ना-नफा-ना-तोट्यासाठी १५,००० नग खपायला हवेत. तक्त्यात साऱ्या बाजाराचीच मागणी १२,००० असेल, तर जाहिरातीवर तासभर वाद घालण्यात अर्थ उरत नाही. एवढा एक आकडा घेऊन गेली तरी तिला बोलायला भक्कम मुद्दा मिळेल.

प्रश्न : कॉलेज निवडताना आंतरराष्ट्रीय मान्यता पाहावी का?

उत्तर : पाहावी. बिझनेस कॉलेजांना मान्यता देणारी, १९१६ मध्ये स्थापन झालेली एएसीएसबी ही संस्था किंवा युरोपातली इक्विस ही मान्यता-योजना यांची मान्यता म्हणजे प्राध्यापकवर्ग, अभ्यासक्रम, संशोधन यांची बाहेरून झालेली तपासणी. नोकरीची हमी मात्र त्यात नसते. त्यासाठी कॉलेजकडे सरासरी पगार न मागता मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधे येणारा पगार, मागा. दोन-चार गलेलठ्ठ पगारांनी सरासरी फुगते, मध्यक सहसा हलत नाही. शिवाय तो आकडा किती विद्यार्थ्यांवरून काढला आणि त्या तुकडीत एकूण किती होते, हेही विचारा.