ब्रेडला पाणी कमी, सुपाला जास्त

घरचा ब्रेड विटेसारखा का होतो आणि सुपाने पोट का भरत नाही, हा तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग माझीच पहिली दोन वर्षं आठवली. थंडीतलं नाशिक, 28 लिटरचा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन), 300 ग्रॅम मैदा आणि 200 ग्रॅम कणीक. त्यात 250 मिली पाणी घातलंत. पीठ हाताला चिकटायला लागलं म्हणून वरून दोन मुठी मैदा. तासाभराने भाजायला ठेवलंत आणि बाहेर आली वीट. शेजारी दीड लिटर पाण्यात दोन गाजरं, एक कांदा आणि थोडी फरसबी घालून केलेलं सूप. ते पातळ वाटलं म्हणून कॉर्नफ्लॉवर लावलंत, तर खळ झाली, आणि मुलं तासाभरात पुन्हा भूक लागली म्हणाली. सगळे यीस्टला दोष देतायत, पण तुमचं यीस्ट ठीक असावं असं मला वाटतं. तुमच्या ब्रेडला पाणी कमी पडलंय आणि सुपात जास्त झालंय. दोन्ही दुरुस्त करता येतं.

आधी ब्रेड. 500 ग्रॅम पिठाला 250 मिली म्हणजे निम्मं पाणी. एवढ्यात पुरीचं पीठ होतं. वरच्या दोन मुठींनी ते आणखी आवळलं. आपला घोळ असा की हात वर्षानुवर्षं पोळ्यांवर तयार झालेला असतो. हाताला चिकटणारी कणीक म्हणजे बिघडलेली कणीक, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण घरात पुरणपोळ्या होत असतील ना? तिची कणीक आठवा. सैल भिजवलेली, तेलाचा हात लावून तिंबलेली, दोन तास झाकून ठेवलेली आणि ओढली की तार येणारी. ब्रेडला तशी लागते. यीस्ट जो वायू सोडतं तो धरून ठेवायला पिठाचा पडदा ताणला जायला हवा. पुरीचं पीठ ताणलंच जात नाही, मग फुगणार कसं?

तुमच्याच पिठासाठी माझं प्रमाण: पाणी 340 मिली, मीठ 10 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, तेल दोन मोठे चमचे. वाट्यांनी मोजू नका, वजनकाटा घ्या. एकच वाटी दाबून भरली आणि हलकी भरली तर मैद्याच्या वजनात चांगलाच फरक पडतो. कणकेचं प्रमाण वाढवलंत तर पाणीही वाढवावं लागेल. चक्कीत दळताना गव्हातलं स्टार्च बरंच भरडलं जातं आणि ते पाणी जास्त पितं, शिवाय कोंडाही पितो. कोंड्याचे बारीक कण त्या ताणलेल्या पडद्याला कापतातही. म्हणून निम्म्याहून जास्त कणीक घातली की ब्रेड दडस होणारच, त्यात तुमची चूक नाही.

पीठ, पाणी, साखर आणि यीस्ट नुसतं कालवा आणि अर्धा तास झाकून ठेवा, मळू नका. या अर्ध्या तासात पीठ पाणी शोषून घेतं आणि चिकटपणा आपोआप कमी होतो. मग मीठ आणि तेल घालून सात-आठ मिनिटं तिंबा. तरीही चिकटलं तर कोरडा मैदा लावायचा नाही, हात ओला करायचा. ही एक सवय बदललीत तरी निम्मं काम झालं म्हणून समजा. पुढे दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने एक कड उचलायची, वर ओढायची आणि मधोमध दुमडायची. चारही बाजूंनी एकेकदा. असं तीनदा केलं की पिठाचा पोत हाताखाली बदलतो. पहिल्या वेळी ते लिबलिबीत असतं, तिसऱ्या वेळी कड ओढली की सबंध गोळा बरोबर उचलला जातो. लिंबाएवढा तुकडा घेऊन बोटांनी पातळ ताणून बघा. फाटण्याआधी त्यातून खिडकीचा उजेड दिसला की झालं.

आता वेळ. "एक तास" हे कृतीतलं वाक्य विसरा. तुमच्या नाशिकजवळच्या निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत तुमच्या ओट्यावर हे पीठ दुप्पट व्हायला अडीच-तीन तास सहज लागतील. घाई असेल तर बंद ओटीजीत गरम पाण्याचं भांडं ठेवून शेजारी पीठ ठेवा. उभ्या स्टीलच्या डब्यात पीठ ठेवून बाहेरून पिठाच्या पातळीला चिकटपट्टी लावा, म्हणजे अंदाजपंचे काम होत नाही. उलट बाजूचा किस्सा माझा. पुण्यातला मे महिना, मी कृतीत लिहिलंय म्हणून दोन तास लावले आणि लक्ष्मी रोडला गेले, आले तीन तासांनी. झाकण वर आलेलं, घरभर दारूसारखा वास. सासूबाईंनी आत डोकावून विचारलं, "आंबोळीचं आहे का गं हे?" त्या दिवशी खरंच तव्यावर जाड आंबोळ्या केल्या, आणि त्या ब्रेडपेक्षा जास्त खपल्या.

दुप्पट झालेलं पीठ हलकेच दाबून, गुंडाळी करून नऊ बाय पाच इंची टिनमध्ये ठेवा. टिनच्या कडेच्या जरा वर आलं आणि बोटाने दाबलेला खड्डा सावकाश भरून आला की भाजायला तयार. खड्डा टुणकन भरला तर अजून थांबा. भरलाच नाही तर उशीर झालाय, लगेच आत घाला.

ओटीजी दोन्ही रॉड लावून 200 अंशांवर 20 मिनिटं आधी तापवा. टिन खालच्या जाळीवर. छोट्या ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो, त्यामुळे वीस मिनिटांत वरची बाजू खरपूस आणि आतून कच्चं असा प्रकार होतो. रंग आला की वर फॉइल टाका. एकूण 35 ते 40 मिनिटं. आत पाण्याची वाटी ठेवायला अनेक जण सांगतात. एवढ्याशा ओव्हनमध्ये ती उष्णताच खाते, मी ठेवत नाही. पिठावर पाण्याचा हात फिरवला की पुरतं. टिनमधून काढून बुडावर टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा. थर्मामीटर असेल तर मधोमध 95 अंश. आणि जाळीवर तासभर तरी थांबा. गरम ब्रेड कापला की सुरीला लगदा लागतो, कारण आतलं स्टार्च अजून बसलेलं नसतं. वासाने जीव कासावीस होतो हे मान्य! उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. कापून थेट फ्रीझरमध्ये.

सूप मात्र सोपं आहे. पोट भरायचं असेल तर त्यात कडधान्य हवं. आपल्याकडे आजाऱ्याला मुगाचं कढण देतात ते उगीच नाही. पोटभरीचा दाटपणा तिथून येतो, कॉर्नफ्लॉवरने नुसती चकचकीत खळ होते. एक वाटी चवळी सकाळी भिजवा आणि संध्याकाळी कुकरला मऊ शिजवून घ्या. टोमॅटो त्यात घालू नका, आंबट पडलं की कडधान्य शिजायला वेळ लावतं. (राजमा वापरलात तर भिजवलेलं पाणी फेका आणि कुकरमध्येच शिजवा. मंद आंचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात नको. अर्धाकच्चा राजमा खरोखर पोट बिघडवतो.)

जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे तेल, दोन कांदे, दोन गाजरं, सहा-सात लसूण पाकळ्या आणि कोथिंबिरीच्या काड्या, सगळं बारीक चिरून. चिमूटभर मीठ घालून मंद आंचेवर पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं सगळे खातात आणि मग सुपाला चव नाही म्हणतात. कांदा तपकिरी करायचा नाही, नुसता मऊ. गाजराचा गोडसर वास सुटला की दोन टोमॅटो किसून घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. मोहरी-हिंगाच्या डब्याकडे हात जाईल, आवरा. ते पडलं की पातळ उसळ होते. तीही छानच लागते, पण या ब्रेडशी तिचं जमत नाही.

मग एक बटाटा, पाव कोबी आणि चवळी तिच्या पाण्यासकट. पाणी एकूण लिटरभर, भाज्या जेमतेम बुडतील इतकंच. बटाटा शिजला की दोन डाव चवळी-बटाटा काढून पळीने ठेचा आणि परत ढकला. दाटपणा झाला. दहा मिनिटं उकळू द्या, मिरपूड घाला, वर लिंबू पिळा.

रविवारी वेळ जुळवायची तर ब्रेड भाजायला ठेवला की सुपाचा कांदा चिरायला घ्या. ब्रेड जाळीवर गार होईपर्यंत सूप तयार.

आणि हो, ती वीट टाकली नसेल तर टाकू नका. इटलीत तोस्कानाकडे रिबोलिता नावाचं सूप करतात, त्याचा अर्थच "पुन्हा उकळलेलं". बीन्स, पालेभाजी आणि शिळा, कडक ब्रेड. तुमच्या विटेचे इंचभर तुकडे करा, उरलेल्या सुपात दुसऱ्या दिवशी घाला, थोडा पालक चिरून टाका आणि मंद आंचेवर चमचा उभा राहीपर्यंत शिजवा. वरून तेलाची धार. फक्त कापताना सुरी जपून, तुमच्या वर्णनावरून करवतच लागेलसं दिसतंय.